आधी फाइल मागा: अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठात शिस्तभंगाची सुनावणी

ओहायोतल्या एका सरकारी विद्यापीठात एम.एस. करत असताना माझ्यावर असाइनमेंट कॉपी केल्याचा ठपका आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेलं प्रकरण फेब्रुवारी २०२४ मध्ये मिटलं. मधल्या काळात मी रात्ररात्र नेटवर शोधत होते, की आपल्याकडून आलेल्या, एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असलेल्या कोणी यातून गेल्याचं मराठीत कुठे लिहिलंय का. सापडलं नाही, म्हणून लिहितेय. विद्यापीठाचं नाव देत नाही. त्यातून दुसऱ्या एका विद्यार्थ्याची ओळख उघड होईल, आणि त्याचा यात काही दोष नव्हता.

मी वकील नाही. शिवाय खाली राज्यघटनेबद्दल जे लिहिलंय ते फक्त सरकारी विद्यापीठांना लागू होतं. खासगी विद्यापीठात हे घटनात्मक हक्क थेट लागू होत नाहीत. तिथे तुमचा आधार म्हणजे त्यांची स्वतःची नियमावली. तेव्हा आपलं विद्यापीठ सरकारी की खासगी हे पहिल्यांदा बघा.

१२ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी लॅबमध्ये असताना स्टुडंट कंडक्ट ऑफिसचा ईमेल आला, सोबत एक पानी पत्र. ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या तिसऱ्या असाइनमेंटमध्ये परवानगी नसताना दुसऱ्याबरोबर काम केल्याचा आरोप आहे, नियमावलीचं अमुक कलम मोडलंय, १७ तारखेला प्राथमिक भेटीला या, आणि तोपर्यंत तुमच्या खात्यावर होल्ड आहे, म्हणजे नोंदणी अडवलेली आहे. कोणाबरोबर काम केलं, कोडच्या कोणत्या ओळी सारख्या निघाल्या, हे कोणी ठरवलं, यातलं एक अक्षरही त्यात नव्हतं. हात गार पडले. तेच पान मी पुन्हा पुन्हा वाचत राहिले, जणू दर वेळी खाली आणखी एखादी ओळ उगवेल.

मला तिथल्या तिथे प्राध्यापकांना ईमेल करायचा होता. रूममेट माझ्याहून एक वर्ष सीनियर, स्वतः टीए (प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करणारी विद्यार्थिनी) राहिलेली. ती म्हणाली, "आत्ता कोणालाच काही पाठवू नकोस. तू भेदरलेली आहेस. भेदरून लिहिलेलं वाक्य उद्या त्यांच्या फाइलमध्ये पुरावा म्हणून बसेल."

रात्री घरी फोन लावला, तिकडे सकाळ झाली होती. आई म्हणाली, "अगं, तू केलेलं नाहीस ना? मग जा आणि स्पष्ट सांग तसं. घाबरायचं कशाला?" बाबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. त्यांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेत गेली, त्यामुळे खात्याच्या चौकश्या त्यांनी जवळून बघितल्यात. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "जोडपत्रं कुठायत?" आपल्याकडे विभागीय चौकशीत आरोपपत्रासोबत आरोपांचा तपशील, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी जोडलेली असते. "ती हातात आल्याशिवाय खुलासा द्यायचा नाही बाळा. आधी त्यांचे कागद, मग आपलं बोलणं."

बाबांना अमेरिकेचा कायदा माहीत नव्हता, पण तो याबाबत जवळजवळ हेच सांगतो, हे मला दोन दिवसांनी कळलं.

शनिवारी दिवसभर मी दोन निकाल वाचत बसले. पहिला १९६१ चा, डिक्सन विरुद्ध अलाबामा. मॉन्टगोमेरीतल्या अलाबामा स्टेट कॉलेजच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी फेब्रुवारी १९६० मध्ये कोर्टाच्या इमारतीतल्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहात बसून आंदोलन केलं. कॉलेजने त्यांना काढून टाकलं, सुनावणी न घेता, आणि पत्रात नेमकं कारणही न देता. पाचव्या सर्किटच्या केंद्रीय अपील कोर्टाने (सर्किट म्हणजे अशा एका कोर्टाखाली येणारा काही राज्यांचा गट) सांगितलं की सरकारी कॉलेजला असं करता येणार नाही. नोटिशीत नेमका आरोप आणि त्याचा आधार हवा; साक्षीदार कोण आणि ते काय सांगतात हे विद्यार्थ्याला कळायला हवं; त्याला स्वतःची बाजू आणि स्वतःचे साक्षीदार मांडता यायला हवेत; आणि निष्कर्षाचा अहवाल त्याला बघायला मिळायला हवा. त्याआधी कॉलेजात शिकणं ही संस्थेने केलेली मेहेरबानी धरली जायची, हवी तेव्हा काढून घेता येणारी. आज मला जी नोटीस मागता येते, ती त्या मुलांनी मिळवून दिलेली आहे. त्या दिवसापासून मी त्यांचं नाव विसरलेले नाही.

दुसरा निकाल गॉस विरुद्ध लोपेझ, १९७५ चा, आणि तो ओहायोतलाच, कोलंबस शहरातला. १९७१ मध्ये तिथल्या शाळांमध्ये गोंधळ झाला आणि मुलांना दहा दिवसांपर्यंत निलंबित केलं गेलं. ड्वाइट लोपेझसोबत एकाच दिवशी किमान आणखी ७५ जणांना घरी पाठवलं होतं. आपण त्या तोडफोडीत नव्हतो, असं त्याचं म्हणणं होतं, पण ते कोणी ऐकूनच घेतलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की दहा दिवसांच्या निलंबनाआधीसुद्धा आरोप काय हे सांगितलं पाहिजे, नाकारला तर पुरावा काय ते समजावलं पाहिजे, आणि मुलाचं म्हणणं ऐकलं पाहिजे.

आणि आम्ही परदेशी विद्यार्थी? माझी सगळ्यात मोठी धाकधूक हीच होती. हे दोन्ही निकाल ज्या चौदाव्या घटनादुरुस्तीवर उभे आहेत, तिचं संरक्षण अमेरिकेच्या नागरिकांपुरतं नाही, हे १८८६ मध्येच ठरलंय. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी धोबीकाम करणाऱ्यांच्या खटल्यात, यिक वो विरुद्ध हॉपकिन्समध्ये. हे वाचल्यावर त्या आठवड्यात पहिल्यांदा मी नीट झोपले.

सोमवारी कंडक्ट ऑफिसला चार ओळींचा ईमेल पाठवला: आरोप मला मान्य नाही, फेर्पा कायद्यानुसार माझ्या नावावरच्या या प्रकरणाच्या सगळ्या नोंदी बघायच्या आहेत, त्या बघितल्याशिवाय प्राथमिक भेटीत मी खुलासा देऊ शकणार नाही, कृपया लेखी उत्तर द्या. फेर्पा हा १९७४ चा केंद्रीय कायदा आहे. विद्यार्थ्याने मागितल्यापासून ४५ दिवसांत त्याची नोंद त्याला दाखवावी लागते. प्रत मिळेलच असं नाही, पण बघू देणं भाग आहे, आणि दुसऱ्या विद्यार्थ्याची माहिती झाकून दाखवतात. तिकडे सुनावणी तीन आठवड्यांत आणि इकडे मुदत ४५ दिवसांची, हा पेच लक्षात ठेवा. म्हणून मागणी पहिल्याच आठवड्यात करा आणि "सुनावणीच्या आधी" हे शब्द त्यात घाला.

याच कायद्यामुळे आईवडिलांना कॉलेज तुमच्या लेखी संमतीशिवाय काही सांगत नाही. आईने "मी बोलू का त्यांच्याशी?" असं विचारलं तेव्हा मला तिला हे समजावावं लागलं. तिला फार वाईट वाटलं.

१७ तारखेची भेट अर्ध्या तासाची होती. समोरच्या अधिकारी बाई प्रेमाने बोलल्या, पाण्याची बाटली दिली. मग एक फॉर्म पुढे केला. जबाबदारी मान्य केली तर प्रकरण इथेच मिटेल: त्या असाइनमेंटला शून्य, विषयाची ग्रेड एक पायरी खाली, आणि एक वर्ष डिसिप्लिनरी प्रोबेशन. मान्य नसेल तर पॅनेलपुढे सुनावणी, आणि तिथे शिक्षा जास्तही होऊ शकते. "बरेच विद्यार्थी इथेच सही करतात," त्या म्हणाल्या. मला धमकी वाटली नाही. त्यांचा अनुभव त्या सांगत होत्या. पण सही करणं म्हणजे काय, ते त्या फॉर्मवर पुरतं लिहिलेलं नव्हतं. प्रोबेशनवर असताना माझी असिस्टंटशिप जाणार होती, म्हणजे ट्यूशन फीची माफी जाणार होती. आणि सही केल्यावर अपील नाही. मी विचार करायला वेळ मागितला, पाच कामाचे दिवस मिळाले. घरी येताच त्या भेटीत काय बोलणं झालं ते ईमेलवर लिहून त्यांनाच पाठवलं: "आज आपलं असं बोलणं झालं, काही चुकलं असल्यास कळवावं." हे पुढे फार कामी आलं. प्रत्येक भेटीनंतर असा ईमेल पाठवा.

त्या पाच दिवसांत तीन ठिकाणी गेले.

पहिलं ठिकाण स्टुडंट लीगल सर्व्हिसेस. सेमिस्टरच्या फीमध्ये त्याचे थोडे पैसे आपण भरलेले असतात. पण बऱ्याच विद्यापीठांत ही मंडळी खुद्द विद्यापीठाविरुद्धचं प्रकरण घेत नाहीत, इथेही घेतलं नाही. त्यांनी बाहेरच्या वकिलांची यादी दिली. एका तासाच्या सल्ल्याचे ३०० डॉलर द्यावे लागले. तेव्हा जीव खालीवर झाला, आज ते सर्वात सार्थकी लागलेले पैसे वाटतात.

वकील बाईंनी न उसळता सगळं ऐकलं आणि कायद्याची हद्द दाखवली. ओहायोसाठी महत्त्वाचा निकाल म्हणजे फ्लेम विरुद्ध मेडिकल कॉलेज ऑफ ओहायो, २००५. त्यानुसार कॉलेजची सुनावणी कोर्टासारखी चालवावी लागत नाही. पुराव्याचे कोर्टातले नियम नाहीत, शपथ नाही, वकिलाने बोलण्याचा सरसकट हक्क नाही. मूळ सुनावणी नीट झाली असेल तर अपीलसुद्धा घटनेने दिलेला हक्क नाही. ते मिळतं ते विद्यापीठाच्या नियमावलीमुळे. "म्हणून नियमावली पाठ कर," त्या म्हणाल्या. "त्यांनी स्वतः लिहिलेला नियम मोडला, हे दाखवणं तुला सगळ्यात सोपं जाईल." काही राज्यांत चित्र वेगळं आहे. नॉर्थ कॅरोलायनाने २०१३ मध्ये कायदा करून सरकारी विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या खर्चाने वकील उभा करण्याचा हक्क दिला, मात्र त्यातूनही कॉपीसारखी शैक्षणिक प्रकरणं वगळली आहेत.

आणखी एक फरक त्यांनी समजावला. अभ्यासात कमी पडल्यामुळे काढणं आणि गैरवर्तनामुळे काढणं या कायद्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात कोर्ट प्राध्यापकांच्या निर्णयात सहसा हात घालत नाही; १९७८ च्या हॉरोविट्झ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं. कॉपीचा आरोप मात्र "हे घडलं का" असा प्रश्न असतो, त्यामुळे तो शिस्तभंगात धरण्याकडे कोर्टांचा कल असतो. तुमच्या पत्रात नेमकं काय म्हटलंय ते त्यासाठी बघा.

दुसरं ठिकाण इंटरनॅशनल ऑफिस. तिथे मी माझी सगळी कहाणी सांगितली नाही, "एखाद्या विद्यार्थ्याला एका सेमिस्टरचं निलंबन झालं तर व्हिसाचं काय होतं?" एवढंच विचारलं. उत्तर ऐकून पोटात गोळा आला. निलंबित विद्यार्थ्याला वर्गात नाव घालता येत नाही, म्हणून सेव्हिसमधली (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली) नोंद संपवली जाते. पदवी पूर्ण केल्यावर मिळतात ते ६० दिवस, किंवा परवानगीने शिक्षण थांबवल्यावर मिळतात ते १५ दिवस, यातलं काहीच मिळत नाही. देश सोडायचा, नाहीतर आय-५३९ फॉर्म भरून स्टेटस परत मिळवण्याचा अर्ज करायचा, ज्यासाठी साधारणपणे पाच महिन्यांची मर्यादा असते. अमेरिकन विद्यार्थ्यासाठी निलंबन म्हणजे एक सेमिस्टर घरी, आमच्यासाठी सामान बांधणं. हे पॅनेलला आपणहून माहीत नसतं. शिक्षेबद्दल बोलायची वेळ आली की ते स्पष्ट सांगायला हवं.

तिसरं ठिकाण ओम्बुड्स ऑफिस. हे बहुतेकांना माहीतच नसतं. तिथलं बोलणं गोपनीय राहतं, ते कोणाची बाजू घेत नाहीत, पण कुठली पायरी कोणाच्या हातात आहे हे अगदी बरोबर सांगतात. "होल्ड कोण काढू शकतं" हे मला तिथेच कळलं.

२४ ऑक्टोबरला मी लेखी कळवलं की सुनावणी हवी आहे.

फाइल बघायला मिळाली २ नोव्हेंबरला. एका छोट्या खोलीत, एका कर्मचाऱ्यासमोर, फोन बाहेर ठेवून. प्राध्यापकांचं दोन परिच्छेदांचं पत्र, माझा कोड, कोर्सची नियमावली. पत्रात लिहिलं होतं की सॉफ्टवेअरने दोन सबमिशनमध्ये मोठं साम्य दाखवलं आहे. तो साम्याचा रिपोर्ट मात्र फाइलमध्ये नव्हता. मी विचारलं, तर उत्तर मिळालं, "आमच्याकडे एवढंच आलंय." मी वहीत प्रत्येक कागदाचं नाव, तारीख, पानं उतरवून घेतली, आणि त्याच संध्याकाळी ईमेल केला: रिपोर्ट फाइलमध्ये नाही, तो सुनावणीच्या किमान पाच दिवस आधी मिळावा. नियमावलीत तेवढीच मुदत लिहिलेली होती. उत्तर आलं नाही. मी पुन्हा एकदा पाठवला.

मग माझ्या बाजूचं जमवायला घेतलं. गिटमधला (कोडचा प्रत्येक बदल जपणाऱ्या प्रणालीतला) कमिटचा सगळा इतिहास, तारखा-वेळांसकट. टीएने ऑफिस अवर्समध्ये फळ्यावर लिहिलेल्या स्यूडोकोडचा (प्रोग्रॅमच्या साध्या शब्दांतल्या पायऱ्यांचा) मी काढलेला फोटो. तोच स्यूडोकोड कोर्सच्या चर्चेच्या पानावर टाकल्याची पोस्ट. आणि असाइनमेंटसोबत सगळ्यांना दिलेली सांगाड्याची फाइल. तिच्यात मेमरी अ‍ॅलोकेटरची निम्मी फंक्शन्स आधीच लिहिलेली होती. कोणतीही फाइल नव्याने सेव्ह करू नका, मूळ जशी आहे तशी ठेवा, फोटोची मूळ प्रत जपा. सगळं एका पीडीएफमध्ये, पान क्रमांक घालून, पहिल्या पानावर अनुक्रमणिका. आपल्याकडच्या कोर्टाच्या पेपरबुकासारखं. पॅनेलच्या लोकांना याने खूप सोपं जातं.

टीएने लेखी निवेदन द्यायला होकार दिला. तो स्वतः विद्यार्थी, त्याच प्राध्यापकांच्या हाताखाली काम करणारा. त्याने जे पाहिलं तेवढंच लिहिलं, एका वाक्याने जास्त नाही. मला त्याचा आदर वाटतो.

सुनावणी १६ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात. पॅनेलमध्ये प्राध्यापक, एक कर्मचारी आणि एक विद्यार्थी. सगळं रेकॉर्ड होतं. मला एक सल्लागार सोबत आणता येत होता, पण त्याने बोलायचं नाही, फक्त कानात सांगायचं किंवा चिठ्ठी द्यायची. वकिलांना आणण्याऐवजी मी डिपार्टमेंटमधल्या एका ज्येष्ठ प्राध्यापिकेला विनंती केली. त्या शेजारी बसल्या होत्या म्हणून माझा आवाज स्थिर राहिला.

सुरुवातीलाच अध्यक्षांनी कागद वाटले. त्यात तो साम्याचा रिपोर्ट होता. मी तो पहिल्यांदा बघत होते. सल्लागार बाईंनी चिठ्ठी सरकवली: "आक्षेप नोंदवा, शांतपणे." मी म्हटलं, "हा कागद मी दोनदा लेखी मागितला होता, तो मला मिळालेला नाही. तो वाचून उत्तर द्यायला मला वेळ हवा आहे. तो मिळणार नसेल तर माझा आक्षेप रेकॉर्डवर घ्यावा." अध्यक्षांनी आक्षेप नोंदवला, दहा मिनिटं दिली, आणि कामकाज पुढे सुरू केलं.

त्या दहा मिनिटांत जमेल तेवढं वाचलं. हा रिपोर्ट मॉस नावाच्या प्रणालीचा होता. ती १९९४ मध्ये तयार झाली आणि पुढे स्टॅनफर्डमधून वापरायला मिळू लागली. ती दोन प्रोग्रॅममधलं साम्य शोधते. ते साम्य कशामुळे आलं हे माणसाने कोड वाचून ठरवायचं असतं, असं तिच्या स्वतःच्या पानावरच लिहिलंय. सगळ्यांना दिलेला सांगाडा तुलनेतून वगळायची सोयही तिच्यात आहे. रिपोर्टमध्ये रंगवलेल्या ओळींत मला सांगाड्यातली फंक्शन्स दिसत होती. पण कुठली ओळ सांगाड्यातली, कुठली टीएच्या फळ्यावरची, कुठली माझी, हे ओळीगणिक दाखवायला मला निदान दोन दिवस हवे होते. मी तेवढं बोलले. प्राध्यापकांना प्रश्न अध्यक्षांमार्फत विचारता येत होते. "सांगाडा वगळला होता का?" हा माझा प्रश्न अध्यक्षांनी विचारला. प्राध्यापक म्हणाले, आत्ता आठवत नाही.

उलटतपासणीबद्दल सांगायचं तर हे सर्किटगणिक बदलतं. ओहायो ज्या सहाव्या सर्किटमध्ये येतं, तिथे २०१८ च्या डो विरुद्ध बॉम खटल्यात, दोन माणसांपैकी कोणाचं खरं मानायचं एवढ्यावरच निकाल अवलंबून असेल तर उलटतपासणी हवी, असं ठरलं. पहिल्या सर्किटने २०१९ मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या हायडॅक खटल्यात, पॅनेलने स्वतः कसून प्रश्न विचारले तरी चालतील असं म्हटलं. माझं प्रकरण कागदांवरचं होतं, त्यामुळे अध्यक्षांमार्फत विचारणं पुरलं. पण कागदच वेळेवर हातात नसेल तर विचारणार काय?

पुराव्याची पातळीही समजून घ्या. गुन्ह्याच्या खटल्यासारखं "संशयापलीकडे" सिद्ध करावं लागत नाही. घडलं असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा थोडी जास्त वाटली, तेवढं बहुतेक ठिकाणी पुरतं. म्हणून "त्यांच्याकडे पक्का पुरावा नाही" या भरवशावर राहू नका. आपल्या बाजूचा पुरावा आपणच मांडायचा.

३० नोव्हेंबरला पत्र आलं. जबाबदार. स्प्रिंग २०२४ च्या सेमिस्टरचं निलंबन.

त्या रात्रीबद्दल फार लिहीत नाही. रूममेटने खिचडी केली आणि माझ्या खोलीतच अंथरूण घातलं. घरी दुसऱ्या दिवशी सांगितलं. आई रडली. बाबा म्हणाले, "अपिलाची मुदत किती?"

पाच कामाचे दिवस. अपिलाची कारणं नियमावलीत तीनच होती: प्रक्रियेतली चूक जिने निकालावर परिणाम झाला असेल, आधी उपलब्ध नसलेला नवा पुरावा, आणि शिक्षा फारच जास्त असणं. "मी निर्दोष आहे" हे त्यात कारणच नाही, आणि बरेच जण अपिलात नेमकं तेच लिहितात. माझं अपील दोन पानी झालं. पहिल्या पानावर पाच दिवसांची मुदत सांगणारं कलम, माझे दोन ईमेल तारखांसह, २ नोव्हेंबरला फाइलमध्ये असलेल्या कागदांची यादी, आणि रेकॉर्डिंगमध्ये माझा आक्षेप कितव्या मिनिटाला आहे ते. दुसऱ्या पानावर, रिपोर्ट वेळेत मिळाला असता तर मी काय दाखवलं असतं: सांगाड्याशी ओळीगणिक तुलना. परिणाम झाला असता, हे दाखवणंच तिथे कसोटीचं होतं. शेवटच्या परिच्छेदात व्हिसावर होणारा परिणाम. वकिलांनी ते वाचून दुरुस्त केलं, त्याचे आणखी ४५० डॉलर. ७ डिसेंबरला दिलं. सोबत वेगळा अर्ज, की अपिलाचा निर्णय होईपर्यंत निलंबन लागू करू नये आणि नोंदणीवरचा होल्ड तात्पुरता काढावा. हा अर्ज वेगळाच द्या, नाहीतर अपिलाच्या ढिगात तो कोणी वाचत नाही. तो चार दिवसांत मंजूर झाला.

डिसेंबरमध्ये घरी जाणार होते. वकील म्हणाल्या, प्रकरण मिटेपर्यंत देशाबाहेर पडू नकोस. तू तिकडे असताना सेव्हिसची नोंद बदलली तर परत येणं अवघड होईल. तिकीट बदलायला २०० डॉलर गेले. सुट्टीत सगळा कॅम्पस रिकामा. महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनी आठवडाभर त्यांच्याकडे ठेवून घेतलं आणि एकदाही खोदून काही विचारलं नाही. कॉलेजचं समुपदेशनही मी घेतलं, ते फीमध्येच असतं. जरूर घ्या. रात्री झोप लागत नसताना ओळीगणिक तुलना करता येत नाही.

८ जानेवारीला अपिलाचा निर्णय आला: पुरावा वेळेत दाखवला गेला नाही, निकाल रद्द, नव्या पॅनेलपुढे फेरसुनावणी. या वेळी रिपोर्ट दहा दिवस आधी मिळाला, आणि मागितल्यावर सांगाडा वगळून केलेला दुसरा रिपोर्टही. रंगवलेल्या ओळींपैकी बहुतेक गेल्या होत्या. उरल्या त्या टीएच्या फळ्यावरच्या पायऱ्या.

६ फेब्रुवारीची सुनावणी पहिलीपेक्षा खूपच छोटी झाली. प्राध्यापकांनी स्वतःच सांगितलं की पहिल्या तुलनेत सांगाडा वगळलेला नव्हता. ते त्यांनी सरळपणे सांगितलं, याची मला कदर आहे. १५ फेब्रुवारीला पत्र आलं: जबाबदार नाही.

बाबांना पत्राचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "मूळ प्रत जपून ठेव. होल्ड निघाला का ते बघ."

तो निघालेला नव्हता. कंडक्ट ऑफिसने प्रकरण बंद केलं तरी रजिस्ट्रारकडचा होल्ड आपोआप जात नाही, विषयाची अडवून ठेवलेली ग्रेड आपोआप लागत नाही. दोन्हींसाठी निकालाचं पत्र जोडून वेगवेगळे ईमेल करावे लागले, आणि ग्रेड लागायला मार्च उजाडला. हे होईपर्यंत ट्रान्स्क्रिप्ट कुठेही पाठवू नका. ही फाइल किती वर्षं ठेवणार आणि बाहेरच्या कोणी विचारलं तर काय सांगणार, हेही मी लेखी विचारून घेतलं. "जबाबदार नाही" असा निकाल शिस्तभंगाची नोंद म्हणून कळवला जात नाही, असं उत्तर आलं, आणि ते मी पत्राला जोडून ठेवलंय.

पीएचडीचे किंवा नोकरीचे अर्ज भरताना प्रश्नाचे शब्द नीट वाचा. "तुम्हाला कधी जबाबदार ठरवलं गेलं का?" आणि "तुमच्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली होती का?" या दोन प्रश्नांची माझी उत्तरं वेगवेगळी आहेत. पहिल्याचं नाही. दुसऱ्याचं हो, आणि त्यासोबत मी १५ फेब्रुवारीचं पत्र जोडते.